चोरी पाहणाऱ्याने काय करावे?

आपल्या विद्यालयाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांनी चार शब्द लिहून पाठवावेत, असे संपादक मंडळाचे पत्र आले तेव्हा आम्ही चौघांनी प्रथम नेहमीच्याच आठवणी काढल्या. पहाटेची वंदना, थंडीतली विहिरीवरची आंघोळ, रविवारची खिचडी, धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरला निघणारी ट्रक. त्या आठवणी इतर बंधुभगिनी लिहितीलच, आणि आमच्याहून चांगल्या लिहितील. आम्ही येथे एका प्रश्नाविषयी लिहीत आहोत. तो प्रश्न आमच्यासमोर गेल्या जून महिन्यात नांदेडच्या एका मोठ्या दुकानात उभा राहिला, आणि त्याचे दुसरे टोक तेहतीस वर्षांपूर्वीच्या आपल्या वसतिगृहात आहे, हे पुढे ध्यानात आले.

आम्ही १९९४ च्या दहावीच्या तुकडीचे. एक जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, एक तालुका न्यायालयात वकिली करतो, एकाचे किराणा मालाचे दुकान आहे आणि एक एस. टी. महामंडळात वाहक आहे. दरवर्षी शाळा उघडण्यापूर्वी आम्ही वर्गणी काढून वसतिगृहात नव्याने येणाऱ्या मुलामुलींसाठी साबण, खोबरेल तेल, टूथपेस्ट, वह्या असे साहित्य घेतो. त्यासाठीच त्या दुकानात गेलो होतो. हल्ली सर्वत्र झाली आहेत तशांपैकी हे दुकान. आपण टोपली घ्यायची, रॅकवरून माल उचलायचा आणि शेवटी काउंटरवर बिल करायचे.

तेलाच्या रॅकपाशी आमच्यापासून पाच-सहा हातांवर एक बाई उभ्या होत्या. वय पस्तीस-चाळीस असावे. अंगावर साधा पंजाबी ड्रेस, खांद्याला मोठी पर्स. टोपलीत साखरेचा एक पुडा आणि चहापत्ती. त्यांनी केसांच्या तेलाची एक बाटली आणि चेहऱ्याला लावायच्या क्रीमच्या दोन ट्यूबा उचलल्या, ओढणी पुढे ओढली, आणि त्या तिन्ही वस्तू पर्समध्ये गेल्या. हे आमच्यापैकी तिघांनी स्पष्ट पाहिले. त्या पुढच्या रांगेकडे वळल्या आणि आम्ही रॅकच्या आड उभे राहून कुजबुजू लागलो.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. त्या बाईंनी बिस्किटाचा पुडा किंवा बाळाच्या दुधाचा डबा घेतला असता तर आम्ही मान फिरवून पुढे गेलो असतो आणि आपल्या करुणेचे आपल्यालाच कौतुक वाटून घेतले असते. क्रीम पाहिल्यामुळे आम्ही अडलो. गरिबाने चोरी करावी तर भाकरीचीच करावी, अशी अट आमच्या मनात कुठेतरी बसलेली होती. शिक्षिकेने तेथेच आम्हांला फटकारले. घरकाम मागायला जाणाऱ्या बाईला, दुकानात विक्रेती म्हणून उभे राहू इच्छिणाऱ्या मुलीला चेहरा नीटनेटका लागतो. पाच घरांच्या दारांत उभे राहून पाहा म्हणजे कळेल, असे ती म्हणाली. तिचे म्हणणे खरे होते. पण त्या बाई गरीब होत्या हे तरी आम्हांला कुठे ठाऊक होते? कपड्यांवरून आणि चपलांवरून आम्ही ते ठरवले होते. दुकानदार म्हणाला, "मॅनेजरला सांगायचं आणि मोकळं व्हायचं. माझ्या दुकानातून असं कुणी नेलं तर शेजारच्यानं मला सांगावं असंच मला वाटेल ना?" वकील म्हणाला, "थांबा. अजून त्या काउंटरच्या आत आहेत. पर्समधून काढून बिल करणारच नाहीत, हे आत्ता कोण शपथेवर सांगेल?" वाहक त्या वेळी काहीच बोलला नाही.

आमची ही चर्चा चालू असताना त्या बाई काउंटरवर गेल्या, साखर आणि चहापत्तीचे पैसे दिले, दारावरच्या सुरक्षारक्षकाने बिलावर पेनाने रेघ मारली, आणि त्या निघून गेल्या. सारे मिळून सहा-सात मिनिटे गेली असतील. आम्ही काही ठरवले नाही. वेळ निघून गेल्यामुळे ते आपोआप ठरले.

बिल करताना दुकानदाराला राहवले नाही. काउंटरवरची मुलगी वीस-बावीस वर्षांची होती. त्याने तिला सहज विचारल्यासारखे विचारले, "माल कमी भरला तर कुणाच्या अंगावर येतं गं?"

"आमच्याच, काका. महिनाअखेरीला मोजणी होते. त्या सेक्शनच्या सगळ्यांत वाटून कापतात."

"तुझे किती गेले?"

"मागच्या महिन्यात तीनशे."

ती हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हती. पावसाविषयी बोलावे तसे तिने सांगितले आणि पुढची वस्तू यंत्रासमोर धरली. तिच्या मनगटावर निळा दोरा होता आणि गळ्यातल्या ओळखपत्राच्या फितीला बुद्धमूर्तीचे छोटे पदक लावलेले होते. आपल्याच एखाद्या वस्तीतली मुलगी असावी. 'कंपनीचे एवढेसे जाते, त्यांना काय फरक पडतो' हे वाक्य आमच्यापैकी एकजण रॅकच्या आड बोलून गेला होता; तो नंतर बराच वेळ गप्प होता.

परतीच्या वाटेवर गाडीत वकिलाने विचारले, "आपण चौघेही का गोठलो?" त्याचे उत्तर चौघांनाही ठाऊक होते. तेहतीस वर्षे आम्ही ते एकमेकांशी बोललो नव्हतो.

१९९२ सालची गोष्ट. आम्ही आठवीत होतो. एका मुलाला परीक्षेच्या फीसाठी घरून पंचवीस रुपये आले होते, ते त्याने लोखंडी पेटीत ठेवले होते. दुपारच्या सुट्टीनंतर पाहतो तर पैसे नाहीत. पेटीला कुलूप नव्हते. त्या काळी निम्म्या पेट्यांना नसायचे. आमच्या खोलीत एक मुलगा विमुक्त जमातीतला होता. त्याचे आईवडील गावोगाव पाल ठोकून राहत. संस्थेच्या कार्यकर्त्यांनी त्यांची पुष्कळ समजूत घालून त्याला शाळेत आणले होते. तो अबोल होता, गणितात हुशार होता आणि कबड्डीत कोणाच्या हाती लागत नसे. पैसे गेल्याचे कळताच कोणाचे नाव निघाले असेल, हे वाचकांना सांगायला नको. कोणी तपास केला नाही, कोणी त्याला विचारलेही नाही. संध्याकाळच्या वंदनेपूर्वी, म्हणजे पंचशील म्हणायला बसण्यापूर्वी अर्धा तास, आम्ही दहा-बारा मुलांनी त्याला खोलीत घेऊन मारले. या लेखातले आम्ही तिघे त्यात होतो. मुलींच्या वसतिगृहात 'चोर सापडला' अशी बातमी गेली, आणि आमची शिक्षिका मैत्रीण सांगते की तिकडे सगळ्यांना सुटल्यासारखे वाटले.

याहून वाईट भाग पुढे आहे. आम्हां तिघांपैकी एकाने त्या दुपारी त्या मुलाला विहिरीवर कपडे धूत असताना पाहिले होते. सुट्टीभर तो तेथेच होता. पाहणारा हे बोलला नाही. बोललो तर आपणही त्याच्या बाजूचे ठरू, एवढी साधी भीती त्याला वाटली. तो कोण, हे आम्ही येथे लिहीत नाही. लपवायचे म्हणून नव्हे. तिघांपैकी कोणीही त्याच्या जागी असता तर तेच केले असते, याविषयी आमच्यात दुमत नाही.

सकाळी अधीक्षक सरांना कळले. ते संतापले, त्यांनी मुलाला दवाखान्यात नेले, आम्हां सर्वांना उभे करून विचारले. तरीही विहिरीवरची गोष्ट बाहेर आली नाही. चौथ्या दिवशी वडील आले. त्यांनी कोणाशी भांडण केले नाही. मुलाची पेटी डोक्यावर घेतली आणि दोघे फाटकातून बाहेर पडले. आठवड्याने पेटीच्या तळाशी घातलेल्या वर्तमानपत्राखाली पंचवीस रुपये सापडले. घडी केलेली वीसची नोट आणि पाचची नोट. सरांनी पत्र लिहिले. ते 'पत्ता अपुरा' असा शेरा होऊन परत आले.

आमच्या पूर्वजांना या देशाने जन्मावरून अपवित्र ठरवले, तसे या मुलाच्या पूर्वजांना इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्याने जन्मावरून गुन्हेगार ठरवले होते. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. रद्द होऊन चाळीस वर्षे झाल्यावर आमच्या खोलीत तो लागू होता, आणि लागू करणारी मुले बाबासाहेबांच्या तसबिरीखाली झोपत होती. दुसऱ्याने आपल्याला कसे पाहिले हे आम्ही रोज शिकत होतो. आपण दुसऱ्याला कसे पाहतो, याचा पाठ राहून गेला होता.

दुकानात आम्ही गोठलो ते यामुळे. 'चोर' हा शब्द मोठ्याने उच्चारला की त्यानंतर जे सुरू होते ते उच्चारणाऱ्याच्या हातात राहत नाही, हे आमच्या हातांना माहीत होते. केरळमधील अट्टप्पाडी येथे फेब्रुवारी २०१८ मध्ये दुकानांतून तांदूळ आणि किरकोळ खाद्यपदार्थ चोरल्याच्या संशयावरून एका आदिवासी तरुणाला जमावाने पकडले, हात बांधले, मारले आणि त्या अवस्थेत त्याच्यासोबत छायाचित्रे काढली. त्याच दिवशी तो मरण पावला. एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने चौदा जणांना दोषी ठरवले. हे सारे घडले ते मूठभर तांदळासाठी.

तेव्हा गप्प राहणे हेच बरे, असे कोणी म्हणेल. काउंटरवरची मुलगी भेटेपर्यंत आम्हीही तसेच म्हटले असते. पण तेहतीस वर्षांपूर्वीचा प्रसंग नीट पाहिला तर तो आरडाओरडीचा जितका आहे तितकाच गप्प बसण्याचाही आहे. विहिरीवर पाहणारा एक वाक्य बोलला असता तर तो मुलगा आपल्याबरोबर दहावी झाला असता. आणि दुकानात आम्ही गप्प बसलो त्याची किंमत आम्ही दिली नाही. ती दुसऱ्या कोणाच्या पगारातून गेली असणार.

वकिलाने आम्हांला कायद्याची बाजू समजावून दिली ती येथे थोडक्यात नोंदवतो, कारण पुष्कळांचा तिच्याविषयी गैरसमज आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३०३ नुसार चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परंतु वस्तूची किंमत पाच हजार रुपयांहून कमी असेल, गुन्हा पहिलाच असेल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर शिक्षा म्हणून समाजसेवा सांगितली आहे. एवढ्या लहान चोरीत पोलिसांनाही परस्पर अटक करता येत नाही. सामान्य नागरिकाला अटकेचा जो अधिकार कायदा देतो तो दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा डोळ्यांसमोर घडला तरच, आणि पकडलेल्याला सहा तासांच्या आत पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. म्हणजे तीन-चारशे रुपयांच्या मालासाठी अनोळखी बाईचा हात धरणारा, तिची पर्स उघडायला लावणारा गिऱ्हाईक स्वतःच कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो. नोकरांच्या पगारातून तूट कापण्यालाही कायद्याने मर्यादा घातली आहे: माल ज्याच्या ताब्यात स्पष्टपणे दिला होता, ज्याच्या हलगर्जीमुळे तो गेला, त्याच्याकडूनच, आणि तेही त्याला बाजू मांडण्याची संधी देऊन. सर्वांत वाटून कापणे या चौकटीत बसत नाही. त्या मुलीला हे ठाऊक नसावे. ठाऊक असते तरी ती कोणाकडे गेली असती, हा पुढचा प्रश्न.

धम्माने याविषयी काय सांगितले आहे? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये चोरी न करण्याची प्रतिज्ञा आहे, आणि पंचशीलातील दुसरे शील आपण सारे लहानपणापासून म्हणत आलो. त्या शिलाचा मूळ शब्द 'अदिन्नादान', म्हणजे न दिलेले घेणे. चोरी या शब्दापेक्षा तो रुंद आहे. त्या बाईंनी न दिलेले घेतले. मुलीच्या पगारातले तीनशे रुपये तिने दिले नव्हते, ते घेतले गेले. आणि आम्ही त्या मुलाचे शिक्षण घेतले. तेही त्याने आम्हांला दिलेले नव्हते.

अट्ठकथांमध्ये अदिन्नादानाची पाच अंगे सांगितली आहेत. वस्तू दुसऱ्याची असणे, ती दुसऱ्याची आहे हे माहीत असणे, चोरीची इच्छा, त्यासाठी प्रयत्न, आणि ती वस्तू प्रत्यक्ष हलवून नेणे. पाचही जुळली तर शील पूर्णतः मोडते. पाहणाऱ्याला यांतले तिसरे अंग, म्हणजे मनातली इच्छा, कधीच दिसत नाही. तो फक्त तिचा अंदाज करतो. आणि पाचवे अंग घडायला, निदान अशा दुकानात, दारापर्यंतचा वेळ लागतो. आमच्या दृष्टीने सारा विषय या मधल्या वेळेचा आहे. वस्तू पर्समध्ये गेली आणि माणूस दारापर्यंत पोहोचला यांच्यामध्ये पाच-दहा मिनिटे असतात. त्या वेळात ती वस्तू पुन्हा रॅकवर जाऊ शकते आणि कोणाचेच काही बिघडत नाही. दाराबाहेर पाऊल पडले की उरतात ते फक्त रक्षक, पोलीस, जमाव आणि पगारकपात.

दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनाद सुत्त आपल्याकडे वर्षावासात वाचले जाते, पण त्यातला एक भाग आपण घाईने ओलांडतो. राजाने गरिबांना धन दिले नाही, दारिद्र्य वाढले, त्यातून चोरी आली, एवढे आपल्याला पाठ असते आणि भाषणांत उपयोगी पडते. त्यापुढे असे आहे की पकडून आणलेल्या चोराने 'उपजीविका चालत नाही' म्हणताच राजाने त्याला धन दिले. दुसऱ्यालाही दिले. ते ऐकून लोकांना वाटले, चोरी केली की धन मिळते. आणि चोऱ्या वाढल्या. मग राजा उलट टोकाला गेला, चोराचा शिरच्छेद करू लागला. तेव्हा लोकांनीही शस्त्रे घेतली आणि गावे लुटली. म्हणजे हळवी क्षमा आणि कठोर दंड, दोन्ही तेथे फसतात. कूटदंत सुत्तातला पुरोहित राजाला सांगतो तो मार्ग वेगळा आहे: शेतकऱ्याला बियाणे द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, नोकराला पुरेसे वेतन द्या. तो मार्ग राज्याचा आहे आणि आपण मतदानात, संघटनेत, आंदोलनात तो धरलाच पाहिजे. पण तेलाच्या रॅकपाशी उभ्या असलेल्या चार माणसांच्या हातात राज्य नसते. त्यांच्या हातात सात मिनिटे असतात.

त्या सात मिनिटांसाठी आम्हांला अंगुत्तर निकायातील सारिपुत्तांचे एक प्रवचन सर्वांत उपयोगी वाटले. दुसऱ्याचा दोष दाखवू इच्छिणाऱ्याने आधी स्वतःमध्ये कोणत्या पाच गोष्टी ठरवाव्यात, ते त्यात आहे. योग्य वेळी बोलणे, खरे तेच बोलणे, मृदू बोलणे, हिताचे बोलणे, आणि मनात द्वेष न ठेवता मैत्रीभावाने बोलणे. संघातील भिक्खूंसाठी सांगितलेली ही शिस्त आहे, अनोळखी गिऱ्हाइकासाठी नव्हे, हे आम्हांला मान्य. तरीही आमच्या दोन्ही प्रसंगांवर ती ठेवून पाहिली. वसतिगृहात आम्ही खोटे, कठोर आणि द्वेषाने बोललो. दुकानात आम्ही काहीच बोललो नाही; वेळ, म्हणजे पहिलीच अट, हातची गेली.

आता वाहकाविषयी. गाडीत सर्वांचे बोलून झाल्यावर तो म्हणाला, "माझ्या गाडीत रोज एखादा बिनतिकिटाचा असतो. मला कळतं. मी त्याच्याकडे बघतच नाही. मागं जातो, त्याच्या सीटपाशी उभा राहतो आणि समोर बघून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतो, 'कुणाचं तिकीट राहिलंय का?' दहातले सात जण आपोआप पैसे काढतात. एखादी म्हातारी म्हणते, 'लेकरा, पैसं नाहीत.' तेव्हा बघू. पण चोर म्हणायची वेळ येत नाही."

"मग दुकानात का नाही बोललास?" शिक्षिकेने विचारले.

"तिथं माझ्या अंगावर खाकी नव्हती."

या उत्तरावर आम्ही हसलो, पण त्यात तथ्य आहे. गणवेश नसताना मृदू शब्द बोलायला अधिक धैर्य लागते. तरीही त्याची रीत आम्हांला पाचही अटींत बसणारी वाटते. ती खरी आहे, कारण तिच्यात आरोप नाही, फक्त प्रश्न आहे. ती वेळेवर आहे. तिने समोरच्याला परतण्याची वाट उघडी राहते आणि त्याचे तोंड कोणाला दिसत नाही. दुकानात आम्ही त्या बाईंच्या शेजारी जाऊन म्हणू शकलो असतो, "ताई, काउंटरला गर्दी व्हायच्या आत आपण बिल करून घेऊ या का? आम्हीही निघालोच आहोत." एवढेच. त्यांना कळले असते की कोणीतरी पाहिले आहे, आणि पाहणारा ओरडणार नाही हेही कळले असते. त्यांनी वस्तू परत ठेवल्या असत्या, किंवा बिलात घातल्या असत्या, किंवा आम्हांला चार शब्द सुनावून तशाच निघून गेल्या असत्या. तिसरी शक्यता बरीच मोठी आहे. ती आम्ही नाकारत नाही.

तसे झाले तर पुढे काय, यावर आमच्यात एकमत नाही आणि ते ओढूनताणून दाखवण्यात अर्थ नाही. दुकानदाराच्या मते मग मॅनेजरला सांगावे, नाव न घेता, 'त्या रांगेकडे लक्ष द्या' एवढे. कारण आपले न बोलणे दुकानातल्या नोकरांना महागात पडते. शिक्षिका म्हणते, मॅनेजर काय करील याची खात्री असल्याशिवाय आपण कोणाला त्याच्या हवाली करू नये. आपण एकदा केले आहे. वकील म्हणतो, दोघांचेही बरोबर आहे, म्हणून आधीची सात मिनिटे वाया घालवू नयेत. एका गोष्टीवर मात्र चौघे ठाम आहोत. दारावर कोणी पकडले गेले आणि हात उगारला गेला, तर आपण मध्ये उभे राहायचे. तेथे विचार करायला थांबायचे नाही.

पुढच्या आठवड्यात उरलेले साहित्य घ्यायला दुकानदार आणि वाहक पुन्हा तेथे गेले. त्यांनी तसलीच तेलाची बाटली आणि त्याच क्रीमच्या दोन ट्यूबा उचलल्या, चारशे बारा रुपये भरून बिल केले, आणि आत येऊन तिन्ही वस्तू होत्या तेथे ठेवून दिल्या. किराणा धंद्यातला माणूस. मोजणी कशी जुळते हे त्याला ठाऊक. सुरक्षारक्षकाने लगेच येऊन विचारले, "काका, रॅकवर काय ठेवताय?" बिल दाखवूनही त्याचा विश्वास बसेना. आयुष्यात पहिल्यांदा दुकानदार दुसऱ्याच्या दुकानात संशयित म्हणून उभा राहिला, आणि ती दोन मिनिटे फार लांब होती असे तो म्हणतो. शिक्षिकेला हा प्रकार पसंत नाही. पैसे भरून तुम्ही स्वतःची झोप विकत घेतलीत, त्या मुलीला कायदा समजावून सांगितला असता तर ते खरे काम झाले असते, असे तिचे मत. तिचे मत ऐकून वकिलाने पगारकपातीच्या नियमांचे एक पान सोप्या मराठीत लिहिले आहे. सुवर्णमहोत्सवाच्या दिवशी ते विहाराच्या पायरीपाशी मोफत मिळेल. आपल्या समाजातील पुष्कळ मुलेमुली अशा दुकानांत काम करतात, त्यांच्या पालकांनी ते जरूर न्यावे.

शेवटी एक विनंती. विद्यालयाच्या १९९१ च्या प्रवेश नोंदवहीत त्या मुलाचे नाव आहे. पत्त्याच्या रकान्यात एका गावाचे नाव आणि पुढे 'रस्त्यालगत पाल' एवढेच आहे. त्याचे नाव आम्ही येथे छापत नाही. एकदा ते आम्ही नको तसे गाजवले आहे. आमच्या खोलीतील मित्रांना ते आठवत असेल. आज तो सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांचा असेल. वाचकांपैकी कोणाला तो कोठे आहे हे माहीत असेल, तर कार्यालयात कळवावे, आम्ही चौघे त्याच्याकडे जाऊ. आणि तो आमच्याआधी कोणाला भेटला तर त्याला एवढे सांगावे, की पंचवीस रुपये पेटीतच सापडले होते, आणि त्या दुपारी तो विहिरीवर होता हे आम्हांला माहीत होते.